फुली न पडलेला हलवा

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, इडलीची जाडी मोजली. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि बंगलोरच्या राजाजीनगरातला त्यांचा वरचा मजला भाड्यानं बघायला आम्ही दोघं गेलो होतो. त्यांनी कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, आमच्यासाठी इडल्या आणवल्या, आणि बशी माझ्या हातात देण्याआधी शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढून प्रत्येक इडलीला लावून पाहिला. एक इडली काढून स्वतःच्या ताटलीत घेतली. "ती मला. रिजेक्ट आहे," म्हणाले. माझा नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात नोकरीला होता, व्हर्नियर त्याच्या रोजच्या हातातला. तो खूष झाला. मी मात्र मनाशी म्हटलं, या माणसाच्या घरात आपला निभाव लागायचा नाही.

काका, म्हणजे हे घरमालक, एका मोठ्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधल्या चुका शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर कारखाना सुटला तरी ती सवय सुटली नाही. व्हर्नियरशेजारी खिशात एक जाड लाल पेन्सिल असे, लोखंडावर, काचेवर, कशावरही उमटणारी. जे मापात बसत नाही त्याच्यावर ते फुली मारत. आमच्या न्हाणीघरातला नळ गळायला लागला तेव्हा दुरुस्तीवाला येण्याआधी नळावर फुली आली. तिरका खिळा, दूधवाल्याचं पोचे पडलेलं माप, भिंतीला टेकवलेली नवऱ्याची स्कूटर, सगळ्यांना ती मिळाली. एकदा मी गच्चीवर पापड वाळत घातले होते. दुपारी जाऊन बघते तर जे गोल नव्हते ते एका कागदावर वेगळे काढलेले आणि त्या कागदावर भलीमोठी लाल फुली. मी तरातरा खाली गेले.

"काका, पापड पोटात गेल्यावर गोलच राहतो का?"

"पोटाचं राहू दे. हाताला वळण लागलं पाहिजे," ते शांतपणे म्हणाले. "चालेल, चालेल म्हणून लोक सोडून देतात. मला तो शब्द बेडा."

बेडा म्हणजे नको. त्यांचं घराणं आजोबांच्या काळापासून बंगलोरात होतं, त्यामुळे त्यांच्या मराठीत असे कानडी शब्द सहज येत. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि शक्यतो टाळत. मीसुद्धा टाळलं असतं, पण वर जाणारा जिना त्यांच्या ओसरीवरून जात होता आणि ओसरीवर काकू बसलेल्या असत.

काकू साताऱ्याच्या. काकांच्या कामावर फुली मारू शकणारं जगात हे एकच माणूस होतं. लग्नानंतर काकांनी आणलेल्या पहिल्या गजऱ्यात एक कळी सुकलेली होती म्हणून काकूंनी तो परत पाठवला होता. ही गोष्ट काका येईल त्याला अभिमानानं सांगत. "तिथंच मला कळलं, हिचा डोळा माझ्यापेक्षा बारीक आहे!" स्वयंपाकघरात काकांना प्रवेश नव्हता. एकदा कांदा चिरून दिला तर काकूंनी त्यांच्याच खिशातली पेन्सिल काढून चॉपिंग बोर्डावर फुली मारली होती म्हणे. राजाजीनगरापासून मल्लेश्वरापर्यंत कुठल्याही मराठी घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने काकू करत. तिळावर साखरेचा पाक थेंबाथेंबानं चढवत, बोटांनी हलवत, पांढराशुभ्र काटेरी हलवा व्हायचा आणि मग त्याचे हार, बांगड्या, बाजूबंद. त्यांच्या बोटांची टोकं परातीच्या चटक्यांनी घट्ट झाली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरला. "नवी नवरी ना तू? तुझी पहिली संक्रांत. दागिने मी करीन हं." मी हरखून गेले. जिना चढून, कुलूप उघडून, पिशवी ठेवून परत खाली आले तर त्यांनी पुन्हा माझा हात धरला. "नवी नवरी ना तू?"

हे असं किती दिवस चाललं होतं ते काकांनी कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून हात झटकले होते. काकू मीठ दोनदा घालत, किंवा अजिबात घालत नसत. आंघोळ झाली का विचारलं तर गोंधळून स्वतःच्या पदराकडे बघत. मग काकांनी स्वयंपाक हातात घेतला, आणि मला कबूल करायला हवं, रोजचं जेवण ते बरं करत. सांबार तर माझ्यापेक्षा चांगलं. बिघडायचं ते फक्त सणाचं. सणाला काकांनी जे जे करायला घेतलं त्याची माती झाली, आणि ती का होते हे मला त्या दिवाळीत कळलं.

अनारसे करायचे होते. काकूंना त्यांनी ओट्याशेजारी स्टुलावर बसवलं होतं आणि मला वाटण्याघाटण्याच्या मदतीला बोलावलं होतं. अनारशाला तांदूळ दिवसेंदिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग दमट असतानाच दळतात, एवढं मलाही माहीत. काकांनी गिरणीतून आणलेली कोरडी पिठी परातीत ओतली. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. गूळ मिसळला, गोळे वजन करून पाडले, व्हर्नियर लावून सारखे थापले आणि पहिला अनारसा तुपात सोडला. तो पसरला, विरघळला, तळाशी नुसता काळा गाळ राहिला.

काकू उठल्या. सकाळी स्वतःच्या पोलक्याची बटणं त्यांना सापडत नव्हती, त्या काकू.

"अहो, हसला की तो! हसणारच. ही कोरडी पिठी कुठली आणलीत? तांदूळ भिजवले होतेत का? रोज पाणी बदलायचं, मग पंच्यावर पसरायचे, पण पुरते वाळू द्यायचे नाहीत. आणि तूप किती तापवलंय ते! बाजूला व्हा. एवढं आयुष्य गेलं माझ्यासमोर, काही म्हणता काही शिकला नाहीत."

काका मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढून दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली. काकूंनी कढईशेजारच्या ताटावर जोरात फुली मारली. काकांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. इतकं सुख कुणाला शिव्या खाताना झालेलं मी कधी पाहिलं नाही.

मागच्या अंगणात कढई घासताना ते मला म्हणाले, "काही बरोबर केलं की ती गप्प बसून राहते. चुकलं की येते."

"येते म्हणजे?"

"परत येते. स्वल्प वेळ." त्यांनी कढईचा काळा थर नखानं खरवडला. "म्हणून तुम्ही मधे सांगायचं नाही. ते तिचं काम आहे."

मला पापडाचा राग होता तो त्या दिवशी गेला. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक वाकडा खिळा खपवून घेतला नाही, तो आता मन लावून माल बिघडवत होता. कुठं चुकायचं हे तो आधी ठरवत असे, आणि मग बाकी सगळं मापात करत असे. काकूंना ती एक चूक सापडावी आणि त्या निमित्तानं त्या थोडा वेळ या घरात याव्यात, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच दिवाळीत काकांनी अंगणात किल्ला केला. मूल नसलेल्या घरात किल्ला म्हणून गल्ली हसली, पण काकू साताऱ्याला भावंडांबरोबर किल्ले करत आणि इथं येऊनही गल्लीतल्या पोरांसाठी एक करत. बंगलोरची लाल माती, ती भिजवून काकांनी एक उंच निमुळता ढिगारा उभा केला. तट नाही, बुरूज नाही, पायऱ्या नाहीत. गुहा म्हणून नळीच्या तुकड्यानं सारख्या मापाची भोकं पाडली. हे मात्र ठरवून बिघडवलेलं होतं की त्यांना तेवढंच येत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी ओसरीवरून बघितलं. "दरवाजा कुठंय? मावळे आत जायचे कसे?" एवढं बोलून त्या थांबल्या. फुली मारायचं त्यांना सुचलं नाही. काका पेन्सिल हातात घेऊन उभे राहिले आणि मग त्यांनी ती खिशात ठेवली.

दिवाळीनंतरच्या चतुर्थीला सकाळी फाटक वाजलं. गल्लीतल्या तेलुगू घरातल्या बायका, नव्या साड्या, हातात दुधाचे तांबे आणि हळदकुंकू. त्यांच्याकडे त्या दिवशी नागोबाची पूजा असते आणि ती वारुळाला करतात. पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर एक जुनं वारूळ होतं, पण त्या वर्षी तिथं घराचा पाया खणला गेला होता. आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की अण्णांच्या अंगणात वारूळ आलंय.

"हुत्ता, अक्का, हुत्ता!" सगळ्यात म्हातारी बाई मला आनंदानं दाखवत होती. हुत्ता म्हणजे वारूळ. मी काही सांगेपर्यंत किल्ल्यावर दूध ओतलं गेलं. हळद वाहिली, फुलं वाहिली, आणि काकांच्या मापातल्या गुहांत कुणी अंडीही ठेवली. काका बनियनवर बाहेर आले आणि जागीच थिजले. दुधानं किल्ल्याची एक बाजू सावकाश खाली बसली.

तेवढ्यात काकू हसल्या. ओसरीचा खांब धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, तुमच्या किल्ल्याचा नागोबा केला हो त्यांनी! सांगत होते, दरवाजा करा. दरवाजा नाही म्हणून मावळे आलेच नाहीत, नाग आला!" आणि काकाही हसायला लागले, त्या बायकाही, कशाला ते न कळताच. काकूंचं हसू मी त्यानंतर ऐकलं नाही. ते शेवटचं असेल हे कळलं असतं तर मी मधेच दूध पुसायला फडकं आणायला गेले नसते.

डिसेंबरात काकूंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना आणखी थोडं काहीतरी घेऊन गेला. त्या ओसरीवर बसत, पण माझा हात धरेनाशा झाल्या. नव्या नवरीचं विचारेनाशा झाल्या. पूर्वी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की मी कंटाळत असे, आता तो येत नाही म्हणून मी जिना चढण्याआधी ओसरीवर रेंगाळत असे.

काका नाताळाच्या तयारीला लागले. नाताळाच्या सुट्टीत काकू केक करत असत, गॅसवर कढईत वाळू तापवून, तीत डबा ठेवून. काकांनी शिवाजीनगरातल्या भंगारवाल्याकडून पत्र्याचा एक ड्रम आणला, त्याला दार बसवलं, तापमान बघायला तबकडी लावली, आणि आत वाळू भरली. ओव्हन असा देखणा की माझा नवरा दोन संध्याकाळी त्याच्यासमोर बसून होता. मग काकांनी वाळू आधी तापवून घेतली नाही, डब्याला तुपाचा हात लावला नाही, आणि केक आत ठेवला. एक चूक पुरेना म्हणून त्यांनी आता दोन केल्या होत्या.

केक डब्याला असा चिकटला की काढायला हॅकसॉ घ्यावी लागली. ओट्यावर डबा, डब्यावर करवत, आणि काका एक डोळा काकूंवर ठेवून कापतायत. काकू पाहत होत्या. त्यांचे ओठ हलले. "डब्याला..." म्हणाल्या.

"हो, डब्याला?" काका करवत थांबवून पुढे वाकले. "डब्याला काय?"

काकू शोधत राहिल्या. हात हवेत डब्याच्या आत फिरवल्यासारखा गोल गोल फिरला, तूप लावताना फिरतो तसा. शब्द आला नाही. मग हातही थांबला आणि त्यांनी तो मांडीवर ठेवला. काकांनी त्यांना पेन्सिल दिली तर त्यांनी ती धरली, पण फुली मारली नाही. मी वर गेले आणि नवऱ्याशी उगीचच भांडले.

पुढचं इथंच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायला माझं मन घेणार नाही. त्यानंतरच्या दिवाळीला काकांनी काही केलं नाही. मिठाईच्या दुकानातून अनारशांचा डबा आणला. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, वर खसखस. मी दिलेल्या बशीतला एक त्यांनी उचलला आणि न बघताच खाल्ला. व्हर्नियर खिशात नव्हता. त्यानंतर आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी व्हाइटफील्डकडे राहायला गेलो. घर सोडताना मी पाहिलं, भिंतीवर स्कूटरचे ओरखडे होते, पण त्यांच्यावर फुली नव्हती.

पण त्याआधी ती संक्रांत झाली. माझी पहिली.

जानेवारी लागताच काका वर आले. "हलवा करायचाय," म्हणाले. "या वेळी चूक करायची नाही. तिनं तुम्हाला शब्द दिलाय."

"काका, राहू द्या. दुकानात मिळतात दागिने."

"तिनं दिलाय," ते पुन्हा म्हणाले. "हलवा तुम्हाला येतो का?"

मला येत नव्हता. माझ्या आईलाही येत नाही, पुण्यात आम्ही विकतच आणायचो. तेव्हा मागच्या अंगणात शेगडी पेटली आणि काका परातीसमोर बसले. मंद निखारे, परातीत तीळ, चमच्यानं थोडा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. त्यांनी खरोखर जीव ओतला. निखाऱ्यांची उंची मोजली. पाकाची तार व्हर्नियरमध्ये धरून पाहिली. बोटांना फोड आले तर चिंध्या बांधल्या, चिंध्यांनी हलवा चिकटतो म्हणून त्या सोडल्या. पण हलव्याला काटा येणं हे कुठल्याही मापात बसत नाही. कधी पाक जास्त पडला, कधी हात जड पडला. पांढऱ्याचा पिवळट झाला, मग तपकिरी. तीळ एकमेकांना धरून गाठी झाल्या. दरवर्षी याच अंगणात काकू हे करत असताना ते ओसरीवर पेपर वाचत बसलेले असत, आणि आता विचारायचं तरी कुणाला?

त्याचेच त्यांनी दागिने ओवले. हार, बांगड्या, एक बिंदी. मी काळी साडी नेसून खाली आले. हार गळ्यात घातला तर तो चिकट लागला आणि चिक्कीचा चुरा दोऱ्यात ओवावा तसा दिसत होता. काकांनी तो माझ्या गळ्यातून काढून घेतला. "आधी तिला दाखवू," म्हणाले.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, वेणीफणी केलेल्या. काकांनी ताटात हार ठेवून ताट त्यांच्या मांडीवर दिलं. शेजारी लाल पेन्सिल ठेवली. मग स्वतः समोर स्टुलावर बसले.

"बघ," म्हणाले.

काकूंनी हार उचलला. एक गाठ बोटांत फिरवली, त्याच घट्ट झालेल्या बोटांत. मी मनात म्हणत होते, बोला काकू, वाईट बोला, फेकून द्या ताट.

"छान झालाय," काकू म्हणाल्या.

"नीट बघ ना."

"छानच आहे हो. चालेल."

काकांनी तो शब्द ऐकला. ते पुढे सरकले आणि हाराची एक गाठ धरून त्यांनी दाखवली. "हे बघ. काटा कुठाय? एका दाण्याला काटा नाही. रंग बघ, पाक करपलाय. गाठी झाल्यात. हे बघ, हे, हे सगळं चुकलंय." त्यांचा आवाज चढला होता. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मालातले दोष दाखवले, पण असे आजवर कधी दाखवले नसतील.

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, एखाद्या परक्या माणसाला समजवावं तसा. "असू दे हो. घरचं आहे, प्रेमानं केलंय. कोणी, तुमच्या मंडळींनी केलं का?"



"हो," काका म्हणाले.

"नवीन असतील. येईल हळूहळू हाताला. त्यांना बोलू नका हं तुम्ही."

"नाही बोलत."

"आणि आता निघा. संध्याकाळ झाली. घरी वाट बघत असतील त्या."

मला वाटलं काका काहीतरी म्हणतील. मी तर रडायलाच लागले होते. ते उठले. शर्ट खाली ओढून नीट केला. "सरी, बरं," म्हणाले. "निघतो मी." ओसरीवर जाऊन त्यांनी चपला पायात घातल्या.

"अहो!" मागून काकूंनी हाक मारली.

लग्नापासून त्या त्यांना अशीच हाक मारत आल्या होत्या. काका इतक्या झटकन वळले की चप्पल पायातून निसटली. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. काकू लगबगीनं दारापर्यंत आल्या होत्या आणि त्यांनी हात पुढे केला होता.

"तुमची पेन्सिल राहिली इथं."

काकांनी ती घेतली, खिशात ठेवली, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर जाऊन आपल्याच घराचं फाटक मागे लावून घेतलं.